पाच आणि पाच, वर एक

प्रिय रुचिका,

हे पत्र लखीरामच्या टेम्पोतून भाजीच्या पोत्यांबरोबर येतंय, तेव्हा कागदाला मेथीचा वास लागला असेल तर हसू नकोस. फोन करता आला असता. पण फोन वाजला की निकिता आधी धावते, तिचं सगळं सांगून होईपर्यंत तुझी ड्युटीची वेळ होते, आणि मला बोलायचं ते राहूनच जातं. शिवाय महत्त्वाचं काही असलं की मला अजून कागद लागतो. अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी लावलेली सवय या वयात कुठे सुटणार.

वाशीमच्या त्या शाळेतून तू आणि निकिता परत आलात तेव्हा तुझा चेहरा पार उतरला होता. मॅडमनी पाच आणि पाच किती विचारलं आणि आपल्या पोरीनं खणखणीत आवाजात अकरा सांगितलं. दोन आणि तीन विचारलं, तर सहा. जूनच्या आत बेरीज शिकवून आणा, म्हणजे पहिलीत घेऊ, असं त्या म्हणाल्या. त्यावर तू मान खाली घालून मला म्हणालीस, "राहू द्या आई, अजून एक वर्ष तुमच्याजवळच राहू द्या तिले." माझा लेक अंबादास देवाघरी गेल्यापासून तू वाशीमला नोकरीला राहतेस, दर रविवारी येतेस आणि जाताना दर वेळी म्हणतेस की कधी एकदा लेकीला माझ्याजवळ नेते. तीच तू एका बेरजेसाठी वर्षभर थांबायला तयार झालीस. मला ते खटकलं. खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. निकिताशिवाय हे घर कसं असेल याचा विचार मी अजून पुरता केलेला नाही.

तरी मी दुसऱ्या दिवशी शिकवायला बसले. आमच्या सिस्टर लाकडी मणी तारेवर सरकवत शिकवायच्या. इथे मणी कुठले, म्हणून चिंचोके घेतले. काही वाटीखाली झाकायचे, काही बाहेर ठेवायचे, आणि मिळून किती ते तिनं सांगायचं. अंगणात खडूनं घरं आखली. आधी दोन उड्या, मग तीन उड्या, आता कुठल्या घरात उभी आहेस ते सांग. शेंगा सोलताना एका शेंगेतले दाणे माझे, एकीतले तिचे. पोरगी रमली. उड्या मारून बरोबर पाचव्या घरात उभी राहायची आणि तोंडानं सहा म्हणायची. चिंचोके बोटानं मोजून दहा भरायचे, आणि ती मांडीखालून एक काढून त्यात टाकायची. मी म्हटलं, "अगं, हा कुठून आला?" तर माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, "आजी, तू कंजूस हायेस का?"

उलगडा झाला तो पहाटे, मळ्यात. रंगूबाई टोपली घेऊन भाजी न्यायला आली होती आणि आमचे हे, तुझे मामाजी, मेथीच्या जुड्या तिच्या टोपलीत टाकत होते. निकिता शेजारी पोत्यावर बसून त्यांच्याबरोबर म्हणत होती, "हे पाच. हे पाच. अन् वर एक." मी जागच्या जागी हसायला लागले. ही पोर बोलायला शिकल्यापासून रोज हेच ऐकते आहे. तिच्या लेखी वरची जुडी टाकल्याशिवाय बेरीज पुरी होतच नाही.

आणि मला माझे नवे दिवस आठवले. मी लग्न होऊन जऊळक्याला आले तेव्हा मला मेथी कोणती आणि शेपू कोणता ते ओळखता येत नव्हतं, पण गणितात पहिली आल्याचा तोरा होता. एकदा सासूबाईंनी जुड्या मोजायला बसवलं. एका बाईच्या टोपलीत अकरा दिसल्या, म्हणून मी मोजणाऱ्याची चूक समजून एक काढून घेतली. ती बाई फाटकापासून हलेचना. शेवटी सासूबाई आल्या, सगळ्यांत टवटवीत जुडी निवडून तिच्या टोपलीवर ठेवली आणि मला म्हणाल्या, "बाई, तुह्या शायेत वरचं शिकवत नाही काय?" तुझे मामाजी अजून पाहुण्यांना हा किस्सा सांगतात, आणि दर वेळी त्यात काहीतरी नवीन घालतात.

तर औषधही त्यांनीच शोधलं. निकिताला पुढ्यात घेऊन म्हणाले, "पोरी, शायेत मोजल्याइतकंच सांगायचं. वरचं घरी आनायचं." एवढंच. दोन दिवसांत ती चिंचोके, शेंगा, उड्या, सगळ्याची बेरीज बरोबर सांगू लागली. मी आडून आडून विचारून पाहिलं, फसत नाही. तेव्हा शाळेची काळजी सोड.

पण पत्र तेवढ्यासाठी नाही. काल दुपारी जेवताना मी तिला रविवारची ताटं किती ते विचारलं. ती बोटांवर मोजत म्हणाली, "आबा अन् तू, दोन. आई अन् मी, दोन. चार." मी शाबास म्हणणार, तोच म्हणाली, "हे घर हाय ना? मंग वर एक." मी विचारलं, वरचं कोणाचं? तर म्हणाली, "मुकेशकाकाचं. वाशीमले गेलो का तो येते. तो आईले हसवते." तुझे मामाजी ताटावरून उठले. मी पाणी दिलं, ते प्यायले नाहीत. हात धुऊन मळ्यात गेले आणि बराच वेळ विहिरीच्या कठड्यावर बसून राहिले. मी गेले नाही मागे. आणखी एक वर्ष तू का मागितलंस ते मला तेव्हा कळलं. तुला वाटलं असेल की निकिता तुझ्याजवळ राहायला आली की मुकेशचं आमच्या कानावर येणारच, आणि कळलं तर आम्ही निकिताला सोडणार नाही, किंवा सोडू आणि तुला या घराची वाट बंद होईल. पोरी, इतके दिवस हे एकटीनं मनात वागवत होतीस का?

दिवे लागणीला ते परत आले. ओंजळीत वांगी होती, लहान, काटेरी, तशी ते बाजारात कधी पाठवत नाहीत. मला म्हणाले, "रुचिकाले इचार, त्या मानसाले वांग्याची भाजी चालते का." मग थोडं थांबून, "अंबूची जागा अंबूचीच राहीन. पन म्हनून काय पोरीनं जन्मभर हसू नाही?" त्यांना याहून जास्त बोलता येत नाही, तुला ठाऊकच आहे. म्हणून लिहायला मी बसले. येत्या रविवारी मुकेशना घेऊन ये. जूनमध्ये निकिताला घेऊन जा आणि सुट्ट्यांना आमच्याकडे पाठव, तुम्हीही या. त्या दिवशी ताटं मांडताना मी तिला नवी बेरीज घालणार आहे, चार आणि एक पाच. वरचा नाही, मोजलेला. तेवढं भाजी कमी तिखट करायची का ते लखीरामकडून कळव.

वाट पाहणारी, तुझीच
आई