पंच्याण्णवची रेघ

१९ फेब्रुवारी

ती. काका,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. आईचा खोकला गेला. काकूचा गुडघा आता कसा आहे? जिने टाळायला सांगा, ती ऐकणार नाही, तरी सांगा.

तुमचा तक्रार-अर्ज मिळाला. ‘केवळ वय बघून माझ्या वडिलांना मरू दिलं’ या वाक्याखाली तुम्ही दोनदा रेघ मारली आहे. खाली ‘त्याच रुग्णालयात नोकरीला असलेली नात’ म्हणून माझ्या सहीची जागा सोडली आहे. फोनवर तुम्ही म्हणालात, “हात जड झाला का सही करताना? खुर्ची जाईल म्हणून?” त्याचं उत्तर लांब आहे, म्हणून लिहिते.

माझं काम तुम्ही चारचौघांत ‘म्हाताऱ्यांची मोजदाद’ म्हणून सांगता. ते बरोबर आहे. आमच्याकडे येणारे नव्वदीपुढचे लोक दहा वर्षांत तिप्पट झाले. त्यांतले किती दाखल झाले, काय उपचार झाले, किती आपल्या पायांनी घरी गेले, याचे तक्ते मी करते. शिवाय वयं तपासते. तरुणपणी लोक वय चोरतात, नव्वदीनंतर वाढवतात. मागच्या वर्षी मी अकरा जणांची वयं दुरुस्त केली. एका आजींची मुलगी म्हणाली, “आई शंभरीची झाली तर तुमच्या का पोटात दुखतं?”

दोन वर्षांपूर्वी तुम्ही आजोबांचा जन्मदाखला ट्रंकेतून काढलात. त्यावर नाव नव्हतं, नुसतं ‘मुलगा’. तो त्यांच्या थोरल्या भावाचा होता. ते बाळ एकोणीस दिवस जगलं आणि आजोबा त्यानंतर सहा वर्षांनी जन्मले. हे तुम्हाला माहीत होतं. पण वाचनालयात पंच्याण्णव पूर्ण झालेल्या सभासदाला खिडकीजवळची खुर्ची राखीव मिळते, आणि ती आजोबांना हवी होती. हौसेला मोल नसतं. कोणी वय विचारलं की ते त्या खुर्चीतून मला डोळा मारायचे. मीही हसायचे. बारावं नाव मी दुरुस्त केलं नाही.

खुबा मोडला त्या सकाळी नोंदणीच्या खिडकीशी तुम्ही म्हणालात, “सत्त्याण्णव लिहा. शतकाला तीनच कमी आहेत, जपून हाताळा.” खिडकीतली बाई हसली. मी तुमच्या शेजारी उभी होते.

आमच्याकडे मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. पंच्याण्णवच्या वर मात्र तीन डॉक्टरांच्या मंडळाची संमती लागते, आणि मंडळ आठवड्यातून एकदा बसतं. ही रेघ डॉक्टरांनी ओढली, पण माझ्या तक्त्यावरून. त्या वयात ऑपरेशननंतर महिन्याभरात निम्मे जातात, असं मी दाखवलं होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे आम्ही शाळेत पाठ केलं होतं. दांड्याचं काय होतं, ते कोणी शिकवलं नाही.

दुपारी आजोबांनी विचारलं, “काय गं मोजणीवाले, ऑपरेशन कधी?”

“मंडळ बसायचंय.”

“बसू दे बापडं. मी तर झोपलोच आहे.” मग हळूच म्हणाले, “माझ्या खुर्चीत कोणी बसलं नाही ना?”

तुम्हाला वाटतं, मला उशिरा सुचलं. तसं नाही. वॉर्ड चौथ्या मजल्यावर आहे. खोट्या वयामुळे आजोबा त्या रेघेच्या वर गेलेत, हे लिफ्ट तिसऱ्यावर पोचली तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं.

वयदुरुस्तीचा अर्ज माझ्याच टेबलावर येतो. मी तोंडी सांगितलं असतं तरी डॉक्टरांनी मानलं असतं. पण पुराव्याशिवाय सख्ख्या आजोबांची सहा वर्षं कमी केली, तर ते अकरा लोक काय म्हणतील, हा विचार मी केला. आजोबांच्या शेजारी उभं राहून केला. मग त्यांच्या शाळेकडे रजिस्टरचा उतारा रीतसर मागवला. तो टपालाने चौथ्या दिवशी आला. वय एक्क्याण्णव. आजोबा तिसऱ्या दिवशी न्यूमोनियाने गेले होते.

एक्क्याण्णवाव्या वर्षी ऑपरेशन झालेल्या दहांतले आठ जण महिन्यानंतरही जिवंत असतात. आजोबा त्या आठांत असते की दोघांत, हे तक्ता सांगत नाही. मी पुष्कळदा पाहिला.

तुमच्या अर्जावर सही करत नाही, कारण त्यात वय सत्त्याण्णव आहे. मी वेगळं निवेदन दिलं आहे. त्यात त्यांचं खरं वय आहे, तुम्ही सांगितलेलं वय आहे, आणि खरं काय ते मला केव्हापासून माहीत होतं, तेही आहे. प्रत सोबत जोडली आहे. तुम्हाला राग येईल. माझ्यावर धरा, पण सगळा माझ्यावर नको.

वाचनालयवाले खुर्चीला पाटी लावणार आहेत. वय काय घालू, म्हणून विचारत होते. नुसतं नाव घाला, म्हटलं.

तुमची पुतणी,
वय एकोणतीस, दाखल्याप्रमाणे