तेवीस वेळा तपासलेला कॉस्च्युम

मंगळवार, दिनांक ९ सप्टेंबर, सकाळचे सहा वाजून बेचाळीस मिनिटे. पोहण्याच्या तलावावर, खणांच्या किल्ल्या देतो त्या खिडकीत बसलो आहे. समोर दोरीवर कॉस्च्युम वाळत घातला आहे आणि त्याच्या उजव्या पायातून गळणारे थेंब मोजत होतो. एकशे अकरावर थांबलो आणि हे पत्र लिहायला घेतले.

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (फरशी ओली असल्यामुळे मनातल्या मनात). तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर त्यांना सांगा की इकडेही सगळे खोकतात, त्यात कमीपणा नाही. मी खुशाल आहे, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. त्यावर विश्वास ठेवलाच पाहिजे असे नाही.

गेल्या महिन्यात माझ्या दाढेसाठी तुम्ही पाठवलेले पैसे मिळाले. दाढ आहे तिथेच आहे. मामा, खोटे बोलायचे तर ते लक्षात ठेवावे लागते आणि माझ्या डोक्यात सध्या जागा नाही, म्हणून एकदाच सांगून टाकतो. दाढेच्या पैशांची मी चड्डी घेतली.

पत्र फाडू नका. पुढे वाचा. ती साधी चड्डी नाही. पोहण्याच्या शर्यतीत घालतात तो कॉस्च्युम आहे, बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचा. आणि तो मी हौसेने घेतलेला नाही, पोटासाठी घेतला आहे. इथे कपडे ठेवायच्या खणांना या महिनाअखेरीस आकड्यांची कुलुपे बसणार. लोक आकडे फिरवून आपापले खण उघडतील, म्हणजे किल्ल्या देणारा माणूस नको, म्हणजे मी नको. व्यवस्थापकांनी हे मला फार गोड शब्दांत सांगितले (गोड शब्दांत सांगितले की समजावे, काम गेले). मात्र संध्याकाळच्या प्रौढांच्या वर्गाला सहायक शिक्षक हवा आहे, कायमचा. आमच्या मोठ्या मास्तरांनी माझे नाव सुचवले. आता अट ऐका. प्रौढांच्या वार्षिक स्पर्धेत शंभर मीटर अंतर एक मिनिट दहा सेकंदांच्या आत पोहून दाखवायचे. स्पर्धा येत्या रविवारी, १४ तारखेला, सकाळी नऊ वाजता. माझी दहा दिवसांची सरासरी एक मिनिट, अकरा सेकंद, चाळीस शतांश. ही सरासरी मी तीनदा काढून पाहिली. तिन्ही वेळा तेवढीच आली.

दुकानदार म्हणाला, "हा घातला की दोन टक्के वेळ कमी, डोळे झाकून." मी डोळे झाकून काही करत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळा नववीत सुटली तरी टक्केवारी आठवीत झालेली होती. एकाहत्तर पूर्णांक चाळीसचे दोन टक्के काढले, वजा केले, उत्तर एकोणसत्तर पूर्णांक सत्त्याण्णव. म्हणजे नोकरी आणि रस्ता यांच्यामध्ये तीन शतांश सेकंद. एवढ्या वेळात माणसाची शिंकसुद्धा पुरी होत नाही. पण तीन शतांश म्हणजे शून्य नव्हे, असे म्हणून मी दाढेला हात लावून दुकानात पैसे मोजले.

कॉस्च्युम हातात घेतल्यावर पहिला विचार आला की चुकून बालवाडीतल्या मुलाचा दिला. तो घट्टच असतो. मांड्या, पोट, सगळे आवळून धरतो, त्यामुळे अंग पाण्यात वर राहते आणि पाणी कापडाला चिकटत न बसता सटकते, असे म्हणतात. घालायची पद्धत अशी: पायांत प्लास्टिकच्या पिशव्या घालायच्या म्हणजे कापड घसरते, हातांत रबरी मोजे घालायचे म्हणजे नख लागत नाही, आणि मग बोटभर बोटभर वर सरकवायचा. पहिल्या दिवशी सव्वीस मिनिटे लागली. गुडघ्यापाशी मी रडकुंडीला आलो, मांडीपाशी देव आठवले आणि कंबरेपाशी पोहोचलो तेव्हा पोहायची ताकद उरली नव्हती. तरीही पोहलो. वेळ मास्तरांनी घेतली: एक मिनिट, दहा सेकंद, दोन शतांश. दुसऱ्या दिवशी एकोणसत्तर सेकंद, शहाण्णव शतांश! मामा, मी पाण्यातच उभा राहिलो आणि मला तुमची आठवण आली. (आधी तुमच्या पैशांची, मग तुमची.)

शहाणा माणूस तिथे थांबला असता. कॉस्च्युम घडी करून पेटीत ठेवला असता आणि रविवारी काढला असता. पण मास्तर सहज बोलून गेले, "नवा कपडा घातला की माणूस असाही जोरात पोहतो. एवढे पैसे गेलेत म्हटल्यावर कोण हळू पोहेल?" ते बोलले आणि चहाला गेले. माझी मात्र झोप उडाली. वेळ कमी झाला तो कॉस्च्युममुळे की मनाच्या समजुतीने? समजुतीने असेल तर रविवारी समजूत ढळली की संपलेच. याचा छडा लावायचा तर ज्यांचे पैसे गेलेले नाहीत अशांना तो घालायला देऊन बघणे भाग होते. मी नवी वही आणली, रकाने आखले आणि सकाळच्या प्रौढांपैकी तिघांना विनंती केली.

पहिले वकील. ते पोहण्यापेक्षा पाण्यात उभे राहून बोलतात जास्त. त्यांना कॉस्च्युम चढवायला एक्केचाळीस मिनिटे लागली आणि दोन माणसे. मी खालून ओढत होतो, दुसरे गृहस्थ वरून, आणि वकील मधून हरकत घेत होते. "श्वास सोडा," मी म्हणालो. "सोडला तर परत घेता येईल याची हमी काय?" ते म्हणाले. पण पोहले मात्र जवळजवळ दोन सेकंद कमी वेळात. दुसरे चष्मेवाले, म्हणजे चौकातले चष्म्यांचे दुकानदार. ते चष्मा काढून पाण्यात उतरतात आणि दर वेळी दुसऱ्याच्या रांगेतून बाहेर येतात. त्यांचा फायदा एक सेकंदाच्या आतबाहेर. तिसऱ्यांना सगळे पाणबुडा म्हणतात. वय एकसष्ट. उडी मारल्यावर ते इतका वेळ वर येत नाहीत की जीवरक्षक खुर्चीतून उठून उभा राहतो. त्यांना फायदा फक्त तीस शतांश.

प्रत्येकाला मी पाच पाच वेळा पोहायला लावले, कारण एका वेळेवरून काहीच सिद्ध होत नाही. प्रत्येक वेळेनंतर कॉस्च्युम थंड पाण्यात स्वतः धुतला. आकडे समोर ठेवले आणि मी त्यातून निष्कर्ष काढला की हा कॉस्च्युम वकिलांना जास्त मानवतो आणि वय वाढेल तसा कमी. हा निष्कर्ष मी लाल शाईने अधोरेखितही केला. आता तो खोडता येत नाही.

त्यानंतर खात्रीची खात्री म्हणून मी स्वतः आणखी पाच वेळा पोहलो. इथे एक गोष्ट कबूल करतो, तुम्ही हसू नका. कॉस्च्युम घालायला लागणारा वेळही मी लिहून ठेवत होतो. सव्वीस मिनिटांवरून चौदा, चौदावरून आठ, आठवरून तीन. मला वाटले, मी तरबेज होत चाललो. मी वहीत शेरासुद्धा मारला: "प्रगती समाधानकारक."

काल संध्याकाळी चष्मेवाले खिडकीपाशी चहा पीत होते. कॉस्च्युमच्या खोक्यात एक घडीचा कागद होता. त्यावर मुंगीच्या पावलाएवढी अक्षरे, माझ्याच्याने लागत नव्हती, म्हणून तो मी खणात जपून ठेवला होता. चष्मेवाल्यांनी खिशातून भिंग काढले. वाचता वाचता त्यांचा चहा थांबला.

"अरे, हा घातलास किती वेळा?"

"बावीस वेळा. नोंद आहे."

"यात लिहिलंय, पहिल्या दहा-बारा वेळांपर्यंतच कापड ताणून धरतं. मग सैल पडतं." कप खाली ठेवून ते म्हणाले, "तू औषध गुणकारी आहे का बघायला सगळी बाटली पिऊन टाकलीस, बाळा."

मामा, माझी वही बिनचूक आहे. कॉस्च्युम वेळ कमी करतो हे मी सिद्ध केले आहे. तो कसा कसा सैल पडत गेला हेही सिद्ध केले आहे, दिवसवार. वकिलांच्या पोटाचा त्यात किती वाटा, एवढेच सिद्ध व्हायचे राहिले. आज पहाटे तेविसाव्यांदा पोहलो: एक मिनिट, अकरा सेकंद, अडतीस शतांश. म्हणजे साध्या चड्डीपेक्षा दोन शतांशांचा फायदा, आणि तोही मी काल नखे कापली म्हणून असेल.

आता दोरीवरचा तो कॉस्च्युम वाऱ्याने फुगतो आहे. शर्यतीचा कॉस्च्युम कधी फुगतो का हो? रविवारी मी त्यात पोहणार, एक सेकंद अडतीस शतांशांनी नापास होणार आणि तीस तारखेला किल्ल्यांचा जुडगा परत करणार. तुमच्याकडे मी काहीही मागत नाही. फक्त माहितीसाठी कळवतो की दुकानात याच मापाचा आणखी एक शिल्लक आहे. तेही मी विचारायला गेलो नव्हतो, तिथून जात होतो.

मामींना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद. मोठ्यांनी माझ्यावर रागवायचे असल्यास ते रविवारनंतर.

तुमचा आज्ञाधारक (दाढ सोडून),
भाचा

ता. क. आईला यातले काही कळू देऊ नका. तिला मी दाढ काढली असे सांगितले आहे, आणि ती फोनवर मला मऊ भात खायला सांगते.

ता. क. दुसरा, सकाळी सव्वाआठ. दुकानातल्या कॉस्च्युमबद्दल लिहिले ते खोडलेले समजा. आत्ता मास्तर येऊन गेले. वहीवरून एकदा बोट फिरवले आणि म्हणाले, "कपड्याचं सगळं लिहिलंस. तू पोहताना काय करतोस ते कुठंय?" मी म्हणालो, काय करतो? तर म्हणाले, "घड्याळ बघतोस." मामा, तलावाच्या टोकाला सेकंदकाट्याचे मोठे घड्याळ आहे. जाताना मी मान वर काढून ते बघतो, परतताना खांद्यावरून बघतो. मास्तरांनी मोजले आहे, शंभर मीटरमध्ये सहा वेळा. "एका बघण्याला पाव सेकंद जातो," ते म्हणाले. सहा पाव म्हणजे दीड सेकंद. तो कॉस्च्युम नवा कोरा होता तेव्हाही त्याने मला एवढे दिले नव्हते.

ता. क. तिसरा, आठ चाळीस. लगेच करून पाहिले. न बघता पोहायचे ठरवले की बघितले जाते. डोळे मिटून पोहलो तर भिंतीवर आपटलो (दाढेच्याच बाजूने). घड्याळावर टॉवेल टाकू का, असे विचारले तर व्यवस्थापक म्हणाले, बाकीच्या स्पर्धकांनी काय पाप केले आहे? आता खरे मागणे लिहितो. घड्याळ प्रेक्षकांच्या कठड्यामागच्या भिंतीवर आहे, छातीच्या उंचीवर, रुंदी तीन फूट. समोर कोणी उभे राहिले तर त्याला हटकायचा नियम नाही, मी नियमावली वाचली. मामी नेहमी म्हणतात की तुम्ही दारात उभे राहिलात की घरात दिवा लावावा लागतो. तर मामा, रविवारी नऊ वाजता माझ्यासाठी तेवढे सव्वा मिनिट तिथे उभे राहाल का? बाकीच्या शर्यतींना बाजूला व्हा, म्हणजे कोणाची तक्रार नको. हात वर करून मला प्रोत्साहन देऊ नका, काखेतून काटा दिसेल.

हिशेब
खर्च: कॉस्च्युम १२,४००. रबरी हातमोजे ९०. टपाल १०. एकूण १२,५००. (पिशव्या घरातल्याच.)
देणे: तुम्हाला १२,५००. चष्मेवाल्यांना चहाचे ४५. तुमचे जाण्यायेण्याचे भाडे ३८०.
एकूण देणे: १२,९२५.
(तुम्ही आला नाहीत तर १२,५४५, पण तो आकडा मी पेन्सिलीने लिहिला आहे.)