तडजोडीचे अठरा हजार

आप्पा, चक्की माझ्या नावावर झाली. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहायला बसले तर आधी फुशारकीच मारते आहे, पण मारू द्या. नंदुरबारात जिथं मी सोळा वर्षं पगारावर मिरची चाळली तीच ही मिरची कांडपाची चक्की. बँकेनं कर्ज दिलं, तेही माझ्या एकटीच्या सहीवर. ह्यांच्या माघारी घर मी एकटीनंच ओढलं, तेव्हा सहीला दुसरं होतं तरी कोण? आता सकाळी शटर मी उघडते. पहिल्या दिवशी पहिली पाच किलो मिरची मी स्वतःच कांडली आणि इतकी शिंकले की समोरची गिऱ्हाईकबाई म्हणाली, "मालकीनबाई, तुम्हले सवय नही का?" सवय सोळा वर्षांची आहे. पण त्या दिवशी डोळ्यांना पाणी यायला काहीतरी निमित्त हवं होतं, आणि मिरचीसारखं निमित्त नाही.

हे सगळं सुरू झालं गेल्या वर्षीच्या अखाजीला, बँकेच्या कॅलेंडरात जिला अक्षय्य तृतीया म्हणतात तिला. चक्कीचे मालक, मी त्यांना काका म्हणते, तापीकाठच्या गुजर घरातले, बोलायला गोड आणि व्यवहाराला पक्के. झोका बांधून झाला, पुरणपोळी खाऊन झाली आणि काकांनी मुलाकडे जायचं काढलं. म्हणाले, "मी आंडोरकडे सुरतले जाई ऱ्हायनू. तू ले ना हाई चक्की, तुन्हाशिवाय कोन चालाडी? पुढली अखाजीलगून मी थांबसू. त्यानंतर दुसराले दी टाकसू." मी दुसऱ्याच दिवशी नवी साडी नेसून बँकेत. तिथल्या कर्जाच्या टेबलावर विदर्भाकडची एक तरुण बाई बसते, तिनं माझं आधार घेतलं, पॅन घेतलं, खटाखट बटणं दाबली आणि मान हलवली. माझा क्रेडिट स्कोअर म्हणे पाचशे त्र्याऐंशी. मला वाटलं, हजारातले पाचशे त्र्याऐंशी म्हणजे सेकंड क्लास, वाईट काय आहे? बाई म्हणाली, "ताई, तीनशेपासून मोजतात. साडेसातशेच्या वर असता तर आज बोलता आलं असतं." आणि वाईट बातमी सांगून झाल्यावर तिनं चहा मागवला.

मी काही गप्प बसणारी नव्हे. ही बँक नाही तर दुसरी, असं म्हणून पुढच्या पंधरा दिवसांत मी चार ठिकाणी अर्ज टाकले. दोन फायनान्स, एक दुसरी बँक, आणि एक ते मोबाइलवरचं. माय म्हणायची ना, "चार दुकाने फिर्याबिगर लुगडं लेवानं नही." मी लुगड्याचा नियम कर्जाला लावला. चारही जण नाही म्हणाले. पुन्हा पहिल्या बाईकडे गेले तर स्कोअर आणखी खाली! जितक्या दारांत मी उभी राहिले तितक्या दारांची नोंद झाली होती, आणि प्रत्येक पुढचा दारवाला ती नोंद वाचून म्हणत होता, ही बाई पैशासाठी फारच वणवण करते आहे, काहीतरी पाणी मुरतंय. मी संतापून म्हटलं, "म्हणजे विचारणं पण गुन्हा?" बाई हसली. म्हणाली, "आधी स्वतःचा रिपोर्ट तर वाचा. तो तुम्ही स्वतः मागवला तर स्कोअर कमी होत नाही, वर्षातून एकदा फुकटसुद्धा मिळतो. घरी न्या आणि एक एक ओळ बघा, काय काय तुमचं आहे ते."

आप्पा, तो रिपोर्ट मी घरी ओट्याशी उभं राहून वाचला, वरण उतू गेलं तरी कळलं नाही. माझ्या आयुष्यातला प्रत्येक हप्ता तिथं महिन्यावारी मांडलेला. कुठला वेळेवर, कुठला उशिरा. एक मोटारसायकलचं कर्ज होतं, थकलेलं. मला सायकल धड चालवता येत नाही, मोटारसायकल कुठून? आणि त्याच्या खाली घराच्या पत्र्यांचं कर्ज. ते मात्र माझंच. लॉकडाऊनमध्ये चक्की बंद होती, चार हप्ते चुकले, अडतीस हजार राहिले होते. फायनान्सचा वसुलीवाला आला आणि म्हणाला, वीस द्या, मिटवून टाकू. मी वीस दिले, कागद घेतला, देवापुढे ठेवला. त्या कर्जापुढे रिपोर्टात शिक्का होता 'सेटल्ड'. दुसऱ्या दिवशी मी बँकेतल्या बाईंना म्हटलं, म्हणजे मिटलं ना? त्या म्हणाल्या, "तुमच्यापुरतं मिटलं. पण वाचणाऱ्याला त्याचा अर्थ एवढाच, की यांनी पूर्ण फेडलं नाही, देणाऱ्यानं अठरा हजारांवर पाणी सोडलं. पूर्ण फेडलं असतं तर तिथं 'क्लोज्ड' लिहिलं असतं."

मला तुमचा राग आला. खरंच आला. कारण मिटलं म्हणजे मिटलं, हे मी शिकले कुणाकडून? गावात कुणाचं बांधावरून भांडण असो की जावाजावांचं, पंचांत तुम्ही बसायचात आणि उठताना गूळ वाटायचात. गूळ खाल्ला की तो विषय मेला. पुन्हा कुणी काढला तर काढणाराच दोषी. मला मिरचीच्या पथारीवरचा तो दिवस आठवतो. मी आठवीत आहे. जिथवर नजर जाते तिथवर लाल मिरची वाळत पसरलेली आहे, ऊन तापलेलं, तुम्ही तोलाईच्या काट्याजवळ उभे. एका मजूरबाईच्या हातून पोती भिजली म्हणून व्यापाऱ्यानं तिची आठवड्याची मजुरी अडवली आहे, आणि तुम्ही मध्ये पडून अर्ध्यावर मिटवलं आहे. मी सगळ्यांदेखत म्हणते, "अर्धीच का? काम तर पुरं केलं तिनं." तुम्ही वळता आणि असे बघता की माझ्या पायाखालची मिरची बोचायला लागते. "पोरी, पंच बोली ग्यात. आते तू बोलानं नही." मग दुपारी, मी खोकून बेजार झाल्यावर, खांद्यावरचं उपरणं टर्रकन फाडून अर्धं माझ्या नाकातोंडाला तुम्हीच बांधलंत. त्या उपरण्याची भूल मला पुरली. तुम्ही म्हणता तेच खरं, असं मी कायमचं ठरवून टाकलं.

तर ह्या वेळी मी तुमचं ऐकलं नाही. मेलेला विषय मी उकरून काढला. फायनान्सच्या ऑफिसात गेले आणि म्हटलं, माझे राहिलेले अठरा हजार घ्या. आप्पा, तिथल्या माणसाचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही! सोडलेले पैसे परत द्यायला आलेलं माणूस त्यानं पहिल्यांदाच बघितलं असावं. त्यानं साहेबाला बोलावलं, साहेबानं आणखी एकाला, तिघांनी मिळून मला बसायला खुर्ची दिली. तीन हप्त्यांत, थोडं व्याज धरून, मी ते भरले आणि काही बाकी नाही असा शिक्क्याचा कागद घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठले नाही. त्या मोटारसायकलचं निघालं भलतंच. माझ्याच नावाची, माझ्याच जन्मवर्षाची कुणी बाई शहाद्याकडे आहे, तिचं कर्ज माझ्या पदरात पडलं होतं. ऑनलाइन केंद्रावर जाऊन तक्रार टाकली, कागद जोडले, आणि महिन्याभरात ती ओळ पुसली गेली. त्या बाईला मी अजून भेटले नाही. भेटली तर सांगणार आहे, बाई गं, हप्ते भर.

मग सुरू झालं ते सगळ्यात कंटाळवाणं काम, म्हणजे वाट बघणं. बाईंनी दहा हजारांच्या मुदत ठेवीवर मला एक क्रेडिट कार्ड काढून दिलं. त्यावर मी दर महिन्याला गॅसची टाकी आणि चहा-साखर घ्यायची, कार्डाच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शावर कधी जायचं नाही, आणि तारीख यायच्या आत पुरते पैसे भरून मोकळं व्हायचं. नवा अर्ज कुठंही टाकायचा नाही. गल्लीतल्या बाया चिडवायच्या, "काय वं, पैसा व्हतास ना, मंग उधारीवर साखर कसाले लेस?" मी म्हणायची, अब्रू कमावते आहे. फोनवर स्कोअर बघायची. सहाशे दहा झाला. सहाशे सत्तर झाला. पावसाळ्यात दोन महिने जागचा हलेना, तेव्हा मी त्या फोनला शिव्या दिल्या. दिवाळीनंतर सातशेच्या पुढे गेला. काका दर आठवड्याला विचारायचे, "किती व्हयना?" जसा काही मुलीचा ताप विचारतात. आणि अखाजीला बारा दिवस राहिले असताना बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. सातशे एकसष्ट. मी तिथंच, कर्जाच्या टेबलावर, टाळी वाजवली. रांगेतला एक म्हातारा दचकला. काकांना फोन केला तर ते हसले, आणि दुसऱ्या दिवशी चक्कीच्या बेअरिंगला तेल कधी द्यायचं, पाती कुठून धार लावून आणायची, हे मला सोळा वर्षांनंतर पुन्हा पहिल्यापासून शिकवायला लागले.

आता मला चक्कीवर पाहायला बाया येतात. त्यांतल्या दोघींचे रिपोर्ट मी मागवून दिले आहेत, एकीच्या रिपोर्टात तर दिरानं परस्पर घेतलेलं कर्ज सापडलं. त्यांना समजावून सांगताना मी ऐटीत म्हणते, तडजोड करू नका गं बायांनो, माझे वडील पंच होते, त्यांनी अर्ध्यावर मिटवायला शिकवलं आणि मी वर्षभर निस्तरलं. बँकेतल्या बाईंनाही मी हेच सांगितलं होतं. काकांनाही. सगळे मान डोलावतात, जुनी माणसं भोळी असतात म्हणतात.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवावं म्हटलं होतं, पण घरात माणसं येतात जातात, वाचतील कुणीतरी. फाडून टाकीन. त्याआधी एवढं लिहिते, जे ह्या बायांना मी सांगितलेलं नाही. पंचांत बसल्यावर बोलणं सुरू व्हायच्या आधी ज्याच्याकडे देणं असे त्याला तुम्ही एक प्रश्न विचारायचात, दर वेळी, न चुकता: "सांग, खरोखर नही ना तुन्हाजोडे?" तो जवळ काही नाही म्हणाला तरच पुढे तडजोड. वसुलीवाला आला त्या दिवशी, त्याला दिलेले वीस सोडून, तांदळाच्या डब्यात माझ्या भिशीचे आणखी बावीस हजार होते, आप्पा. मी रडून दाखवलं, आणि तो गेल्यावर ते पुन्हा मोजले.