दाखल्यातलं जास्तीचं वर्ष

वेल्हे, १८ नोव्हेंबर, संध्याकाळ

माझी जुनी विद्यार्थिनी सुवर्णा, तिचा जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज आज कोर्टाने फेटाळला. वयाची मर्यादा एका वर्षाने उलटली, म्हणून विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातून ती बाद. पुरावा काय, तर शाळेच्या रजिस्टरात मी लिहिलेली जन्मतारीख. घरी जन्मलेली पोर, दुसरा कागद नाही.

पाच वर्षांची असताना शाळेच्या उंबऱ्यात उभी राहून अख्खी कविता म्हणाली होती. मी हरखलो, वर्ष वाढवून लिहिलं आणि पहिलीत घेतलं. कोर्टात खरं सांगितलं, पण माझं वळणदार अक्षरच खरं ठरलं. कशाला लिहिलं मी?

मघाशी ती आली. म्हटलं, "चुकलं माझं, पोरी."

"न्हाई गुरुजी. मीच तवा कविता चुकाया पायजे हुती."

उंबऱ्यातच उभी होती. आत ये म्हणवेना.