तोएच्या सिनेमाबद्दल खुलासा

२२ फेब्रुवारी, सकाळी ७
निश्चय : आजपासून पेपरातल्या माझ्या सिनेमा-समीक्षेत दयामाया नाही. निवृत्त भूगोल-मास्तर ही ओळख पुसायची. अख्ख्या वागाडूगू शहराने मला टरकलं पाहिजे.
शेजारच्या तोएने कुंपणावरून विचारलं, काय रे गाढवाच्या मुंडक्या, अजून जिवंत? म्हटलं, कुत्रेखाऊ, तुला पोचवल्याशिवाय जातोय कुठे! आम्ही जमातीने मोसी, ते सामो. एकमेकांना यथेच्छ शिव्या द्यायच्या आणि रागवायचं नाही, हा वाडवडिलांचा नियम. बायको मुलीकडे बोबोला गेल्यापासून दिवसाचं पहिलं बोलणं हेच. फार वेळ जातो. कमी करणे.

२४ फेब्रुवारी
चित्रपट-महोत्सवात तोएची अ‍ॅनिमेशन फिल्म. सहा वर्षं एकट्याने हाताने चित्रं काढली, तेव्हा कुठे चाळीस मिनिटं. माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरली होती. पडदा सोडून माझ्या तोंडाकडेच बघत होता.
फिल्म बरी आहे. म्हणजे चांगलीच आहे. विहिरीच्या सीनला माझ्या डोळ्यांत धूळ गेली. पण दोस्ताचं कौतुक केलं की समीक्षक संपला.

२६ फेब्रुवारी
समीक्षा छापून आली. ‘चाळीस मिनिटांत एकच पात्र हललं : मी, खुर्चीत.’ काय वाक्य आहे! आता तोए भांडायला येणार. उत्तरं तयार.

सायं. ५
आला. हसून हसून ठसका लागला त्याला. अख्ख्या गल्लीला वाचून दाखवलं म्हणे. ते वाक्य पोस्टरवर छापतोय! संपादक काम्बूचाही फोन : मास्तर, सामोची काय फर्मास थट्टा केलीत!
थट्टा?

२७ फेब्रुवारी
डोकं भणभणतंय. खुलासा पाठवला : ‘सदर समीक्षा थट्टा नव्हे. तोए यांना चित्र काढता येत नाही, हे माझं गंभीर मत आहे.’ काम्बूने दोनदा विचारलं, नक्की ना मास्तर? म्हटलं, काना-मात्रा बदलू नका.

१ मार्च
खुलासा छापून आला. तोए कुंपणाशी आला. म्हणाला, नमस्कार निकिएमासाहेब, तब्येत बरी आहे ना आपली? आणि गेला.
बसली जरब!

३ मार्च
संगीत-माहितीपट पाहिला, एका म्हाताऱ्या बालाफोनवाल्यावर. वाजवताना चुकतो आणि स्वतःच खो खो हसतो. तोएला डिवचायला गेलो, कोपर रिकाम्या खुर्चीवर आपटलं. समीक्षा : ‘वादन उत्तम.’ पुढे सुचेना. एकाग्रता वाढवणे.

५ मार्च
तोए : सुप्रभात साहेब. मी : सुप्रभात. दिवसभरात एवढंच बोलणं. आदर म्हटला की असंच असतं.
पोस्टरवरच्या माझ्या वाक्यावर कोरा कागद चिकटवलाय.

८ मार्च, सकाळी ९
आपणहून तोएच्या अंगणात गेलो. ओरडलो, ए कुत्रेखाऊ! त्याने अदबीने मान लववली. मग म्हटलं, विहिरीच्या सीनला रडलो रे मी, मेल्या, खरंच रडलो!
म्हणाला, आभारी आहे साहेब. उन्हात उभे का? खुर्ची आणतो.
वीस वर्षं या अंगणात मी पालथ्या उखळावर बसलो. खुर्ची परक्यांसाठी असते. त्याने ती पुसून दोन्ही हातांनी दिली आणि स्वतः आत गेला.
अकरापर्यंत बसलो होतो. खुर्ची चांगली आहे.