रिचमंड हिलचा कॅरम बोर्ड

५ जानेवारी, रविवार
सीमाचा बर्नाबीहून फोन. नात बरी, लेक अनुया बरी, सगळे बरे. लेकीकडे, कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिला चार महिने होत आले. मी एकटा आहे याची तिला उगाच काळजी. सांगितलं, एकटा नाही, निवांत आहे. मिसिसागात इतकी शांतता आधी कधी अनुभवली नव्हती. आज कोणाशी बोललात, असं तिने विचारलं. ग्रोसरीत सेल्फ-चेकआउट होतं, कॅशियरच नाही, त्यामुळे उदाहरण चटकन सुचलं नाही.
संकल्प: कॅरम पुन्हा सुरू. नागपूरला हॉस्टेलचा चॅम्पियन होतो मी. (फायनलला समोरच्याला कावीळ झाली, पण त्यात माझा दोष नाही.) नवा बोर्ड घ्यायचा नाही. ऑनलाइन लिलावातून जुना, मुरलेला उचलायचा.

८ जानेवारी
लिलावाच्या साइटवर फसवणारे विक्रेते कसे ओळखावेत, यावरचे व्हिडिओ बघितले. फीडबॅक वाचा. फोटो तपासा. घाई करू नका. विक्रेता गरजेपेक्षा गोड बोलू लागला तर लांब राहा. आता मला कोणी फसवणं अशक्य. ऑफिसात परीक्षितला सगळं नीट समजावून सांगायला घेतलं. दुसऱ्याच मुद्द्याला त्याची मीटिंग निघाली.

१२ जानेवारी
गाडीने पाऊण तासावरच्या रिचमंड हिलचा एक विक्रेता. नाव सूर्यकांत. फीडबॅक शून्य. फोटो तिरका, कोपऱ्यात स्वतःचाच पायमोजा आलेला. खाली लिहिलंय, 'चांगला बोर्ड आहे. मी आणि माझी बायको खेळायचो. ती गेली. नेण्याआधी एक गेम खेळून बघा.' बायकोचं नाव पुढे करून भावनिक करायचं, ही यांची जुनी ट्रिक. तरी बोली लावली. पुढे काय करतो ते बघायला.

१४ जानेवारी
त्याला प्रश्न पाठवले. प्लाय किती जाड, जाळ्या शाबूत आहेत का, स्ट्रायकर उसळतो किती. सगळ्यांची उत्तरं आली, लगेच. शिवाय विचारलं, आपण मराठी का? ते मूळचे सांगलीचे. इतक्या झटपट उत्तर देणाऱ्याला दुसरा उद्योग नसावा. (मी स्क्रीनसमोरच बसून होतो, म्हणून कळलं.) आणखी प्रश्न पाठवले. त्यांचीही उत्तरं आली. चुलीसारखा तापलेला हीटर बंद करून झोपलो. दिवस छान गेला. रिसर्चमध्ये वेळ जातो.

१९ जानेवारी
लिलाव जिंकलो! दुसऱ्या कोणी बोलीच लावली नव्हती. हेसुद्धा संशयास्पद. शनिवारी घरी या म्हणतात. गुडघ्यामुळे बर्फात गाडी चालवता येत नाही म्हणे. मी सुचवलं, लायब्ररीच्या पार्किंगमध्ये भेटू, चार लोक असतात. तर म्हणाले, बोर्ड जड आहे, तुम्हीच या, पोहे करतो.

२५ जानेवारी, शनिवार
निघालो होतो. दाढी केली होती. सीमाने दिलेला निळा स्वेटर घातला होता. बेसमेंटमधल्या पार्किंगमध्ये गाडी सुरूही केली. मग विचार केला, पोहे का? बोर्ड विकणाऱ्याने बोर्ड विकावा. गाडी बंद केली. वर येऊन सौदा कॅन्सल. फीडबॅकही टाकला, 'विक्रेता घरी बोलावण्याचा आग्रह धरतो. सावध.' पुढच्याचं नुकसान टळावं, बाकी हेतू नाही. दुपारी त्यांचा मेसेज, रस्ता सापडला का? कॅन्सल केलेलं त्यांनी बघितलेलं दिसत नाही. संध्याकाळी आणखी एक, बर्फ पडतोय, सावकाश या. उत्तर दिलं नाही. अशा वेळी ठाम राहावं लागतं.
रात्री खिचडी. थोडक्यात वाचलो.

२ फेब्रुवारी
खात्रीचा विक्रेता मिळाला! हजारो फीडबॅक, सगळे उत्तम. फोटो एकदम प्रोफेशनल. कोण कुठला, काही बोलत नाही. भेटायचं नाही, थेट घरपोच. घेऊन टाकला.
सीमा मार्चमध्ये परत येते म्हणते. मी एकटा म्हणून राहवत नाही तिला. म्हटलं, माझ्यासाठी येऊ नकोस, मी मजेत आहे. तिने तिकीट काढलंच. हट्टी आहे. तिचं कपाट पुसून ठेवलं. बाल्कनीतला बर्फही फावड्याने काढला, तसं थंडीत तिथे कोणी बसत नाही.

१४ फेब्रुवारी
पार्सल आलं. जेवणाच्या ताटाएवढा बोर्ड. स्ट्रायकर शर्टाच्या बटणाइतका. जाहिरात पुन्हा वाचली. माप सेंटीमीटरमध्ये होतं, मी इंच समजलो होतो. फीडबॅकही आज सावकाश वाचले. सगळे मोबाइल कव्हरचे. तक्रार करायला गेलो तर विक्रेत्याचं अकाउंटच नाही. पण पॅकिंग उत्तम होतं, हे मान्य करायला हवं.

१७ फेब्रुवारी, फॅमिली डे
सुट्टी. प्रचंड बर्फ. टेबलावर बोर्ड मांडून दोन्ही बाजूंनी खेळलो. हरलो.
सूर्यकांतरावांना मेसेज केला. निव्वळ चौकशी. बोर्ड अजून असेल तर बघायला येईन, एखादा गेमही खेळू, असं लिहिलं. तो फीडबॅक गैरसमजातून झाला, हेही लिहिलं. मग 'गैरसमज' खोडून 'घाई' केलं. मग दोन्ही काढलं आणि 'माझी चूक झाली' लिहिलं. बर्फ थांबला की पोहे मी करून आणीन, असं पण लिहिलंय.

२० फेब्रुवारी
उत्तर आलं. त्यांच्या मुलाचं, जयदीपचं. इंग्रजीतून. बोर्ड सीनियर सेंटरला देऊन टाकलाय. अकाउंट आता तो बघतो, कारण साइटवर कसकसले लोक असतात, भरवसा नाही. शेवटी लिहिलंय, "बाबा त्या दिवशी अंधार पडेपर्यंत खिडकीशी बसून होते. प्लीज, पुन्हा मेसेज करू नका."
वडिलांची काळजी घेणारा मुलगा. सावध आहे. चांगलं आहे.
ऑफिसात बरं नाही कळवलं. खरंच जरा कणकण वाटत होती.

२३ फेब्रुवारी, रविवार
सीमाचा फोन. कॅरम मिळाला का, खेळता कोणाशी, असं विचारलं. मी म्हणालो, रिचमंड हिलचे सूर्यकांतराव म्हणून आहेत, मूळचे सांगलीचे, फार सज्जन. दर रविवारी येतात. तोंडातून असं निघालं की मलाही ते पटलं. गुडघा दुखतो बिचाऱ्यांचा, पण स्ट्रायकरवर हात काय बसलाय, हेही सांगितलं.
ती म्हणाली, "आता मी निर्धास्त झाले. खरं सांगू, मी फक्त तुमच्यासाठी येत होते. इथे अनुयाची फार ओढाताण होतेय. ऑगस्टपर्यंत थांबू का?"
अवश्य थांब, म्हणालो.
सूर्यकांतरावांना नमस्कार सांगायचा होता तिला, आज रविवार, आलेच असतील, फोन द्या म्हणाली. ते वॉशरूमला गेलेत म्हटलं. बराच वेळ लागेल का, असंही विचारलं तिने. म्हटलं, वय झालंय.
मग मीच फोन ठेवला. टर्न त्यांचा होता.