गुंडीचे केस

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. पत्राची सुरुवात अशीच करायची असते म्हणून लिहिलं आहे, मनातून आलं म्हणून नाही.

फोन करत नाही, कारण फोनवर माझा आवाज चढतो, तू रडायला लागतेस आणि मुद्दा राहून जातो. तू गुंडीचे केस सरळ करून दिलेस त्याला आज तेरा दिवस झाले. पहिले दोन दिवस पोरगी आरशासमोरून हलत नव्हती. तिसऱ्या दिवशी उजव्या कानामागे पाणी सुटलं. आता तिथे बाटलीच्या झाकणाएवढी जखम आहे आणि तिच्या आजूबाजूचे केस मुळापासून तुटताहेत. रोज सकाळी तिच्या उशीवरून मी मूठभर केस गोळा करते आणि ती उठायच्या आत कागदात गुंडाळून टाकते. तिला कळत नाही असं मी धरून चालले आहे.

शाळेत जात नाही. डोक्याला रुमाल बांधून खिडकीशी बसते. मुख्याध्यापिकेची मुलगी दहा दिवस गैरहजर, त्यामुळे मी शिक्षकांच्या खोलीत शिरले की बोलणं थांबतं. शाळेच्या पन्नासाव्या वर्षाचा मोठा फोटो परवा काढला. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या फोटोत ती नाहीच.

वीस वर्षं तू हेच काम करते आहेस. तुझे स्वतःचे केस तसेच कुरळे. पोरगी मावशीवर गेली असं सगळेच म्हणतात, म्हणून तिच्या डोक्याला हात लावायला तुझ्याशिवाय मला कुणी सुचलं नाही. परक्या पार्लरमध्ये नेली असती तर निदान त्यांच्याशी भांडता आलं असतं.

डॉक्टरांनी विचारलं आहे, कुठलं औषध लावलं आणि किती वेळ ठेवलं. तेवढं नीट कळव. तूर्त इकडे येऊ नकोस.

लोभाबद्दल काय लिहावं ते आज सुचत नाही.
ताई


७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पार्लरच्या पत्त्यावर आलं तेव्हा खुर्चीत बाई बसली होती, अर्धे केस कापलेले. पत्र वाचून मी उरलेले अर्धे कसे कापले ते तिलाच ठाऊक.

आधी डॉक्टरांसाठी. औषधाच्या खोक्याची बाजू कापून सोबत ठेवली आहे, त्यावर आत काय काय आहे ते छापलेलं आहे. अठरा मिनिटं ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात बघून ठेवलं होतं, वीसपर्यंत चालतं. मध्ये दोनदा तिला विचारलं, जळतंय का. नाही म्हणाली.

आता डॉक्टरांनी जे विचारलं नाही ते. कुठल्याही गिऱ्हाइकाला औषध लावण्याआधी मी दोन गोष्टी करते. महिन्याभरात केसांना आणखी काही लावलंय का ते विचारते आणि एका बटेवर थोडं लावून बघते. गुंडीच्या वेळी दोन्ही केलं नाही. घरची पोर, तिला काय विचारायचं, असं झालं. केस हाताला जरा राठ लागले होते. वाटलं, पोहायला जाते, तलावाच्या पाण्याने झाले असतील.

आणि ताई, मला ते करायचंच नव्हतं. त्या पोरीचे केस पहिल्यांदा वळायला लागले तेव्हा मी मांडीवर घेऊन बोटांभोवती गुंडाळून बघितले होते. मी तुला फोनवर नको म्हणायची तीन कारणं दिली. तू म्हणालीस, एवढ्या एका दिवसापुरतं कर. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. तुला नाही म्हणायची माझ्या जिभेला सवय नाही. हा तुझ्यावर आळ नाही. हात माझा होता.

जखम भरेपर्यंत तिथे तेल नको, कंगवा नको. बाकीचं डोकं कोमट पाण्याने धू, बोटांच्या पेरांनी, नखं लावू नकोस. टॉवेलने खसाखसा पुसू नकोस. तू फरशी पुसल्यासारखं डोकं पुसतेस ते मला माहीत आहे. जुना सुती बनियन घे आणि नुसता दाबून पाणी टीप.

केस सरळ करून मिळतील असं काचेवर रंगवलेलं होतं, ते ब्लेडने खरवडून काढलं. आता काम निम्म्यावर येईल. येऊ दे.

राग हवा तेवढा ठेव, फक्त बोलणं तोडू नकोस.
तुझी धाकटी


१९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

कागद डॉक्टरांना दाखवला. त्यांनी मलम बदललं, जखम सुकते आहे. पण त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट आली. ते म्हणाले, एवढ्या औषधाने एवढं भाजायला नको होतं. म्हणजे तू वेळ चुकवलीस किंवा खोकं चुकवलंस, दुसरं काय समजू?

मंगळवारी दुपारी शाळेतून आले तर न्हाणीघराचं दार आतून बंद. हाक मारली, ओ नाही. दार वाजवून हात दुखले तेव्हा उघडलं. तिने हस्तकलेच्या कात्रीने सगळे केस कापून टाकले होते. सरळ केलेले झुपके बादलीत तरंगत होते. डोक्यावर कुठे बोटभर, कुठे त्याहून कमी, आणि कानामागचा तो लाल ठिपका उघडा. मी ओरडणार होते. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी ओरडायचीच ती वाट बघते आहे. मग मी खाली बसून केस गोळा करायला लागले.

का कापलेस विचारलं तर म्हणाली, ते माझे नव्हतेच. शाळेतल्या कुठल्याही पोरीच्या तोंडून मी अर्ध्या तासात खरं काढते. हिच्यापुढे माझं काही चालत नाही.

तुझं नाव काढलं की उठून आत जाते. परवा मावशीचं पत्र आलंय म्हटलं तर जेवण टाकून गेली. तुझ्यावर तिचा किती राग आहे ते यावरून समज. मी तिला काही शिकवलेलं नाही.

मुळाशी नवे केस येताहेत, ते आत्तापासूनच वळलेले. त्यांचं काय करायचं मला कळत नाही. चौदा वर्षं मी ते फक्त घट्ट बांधले. लिही.

लोभ धरायला अजून थोडा वेळ लागेल.
ताई


२४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आई पत्रलेखन शिकवते तसं लिहिते आहे. चुकलं तर हसू नकोस. हे पत्र मी स्वतः जाऊन पेटीत टाकणार आहे.

मावशी, तुझी चूक नाही. तुझ्याकडे यायच्या दोन दिवस आधी मीच एक क्रीम लावली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते ती. आई शाळेत होती. वर लिहिलं होतं पंधरा मिनिटं, मी चाळीस ठेवली, कारण काहीच होत नव्हतं. केस सरळ झालेच नाहीत, फक्त झाडूसारखे कडक झाले. मग मी ते ओले असतानाच आवळून बांधले. आईला कळलं नाही. दोन दिवसांनी आईच म्हणाली, चल, मावशीकडे जाऊ.

तू जळतंय का विचारलंस तेव्हा खूप जळत होतं. मला वाटलं आधीची क्रीम जळली नाही म्हणून तिचा उपयोग झाला नाही. जळल्याशिवाय होत नसेल. म्हणून नाही म्हणाले.

मी क्रीम का आणली ते सांगते. आई फोनवर फोटोवाल्याशी बोलत होती. म्हणाली, माझ्या मुलीला शेवटच्या रांगेत कडेला उभी करा, तिच्या केसांमुळे मागच्यांचे चेहरे झाकले जातात. आणि मग हसली. ती बाहेरच्यांशी बोलताना हसते तशी. मी जिन्यात होते.

आता आई तुझ्याबद्दल बोलते तेव्हा मी उठून आत जाते. सांगायला तोंड उघडते आणि बंद करते. मग इतके दिवस झाले की आता सांगितलं तर ती विचारेल इतके दिवस काय केलंस. तू तिला सांगू नकोस. पण तिला तुझा राग पण करू देऊ नकोस.

मला तुझा लोभ हवा आहे, पण नाही दिलास तरी चालेल.
तुझी गुंडी


१ मार्च

चि. गुंडीस,
खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

पत्र उत्तम आहे, दहापैकी दहा. तुझ्या आईने एक गुण कापला असता, शेवटचं वाक्य असं लिहितात का म्हणून. तो मीही कापते. लोभ मागायचा नसतो, तो तुझाच आहे.

पत्र वाचून मी पार्लर बंद केलं आणि दोन तास नुसती बसून राहिले. हलकं वाटलं हे खोटं कशाला सांगू, वाटलं. आणि लगेच वाटलं, चौदा वर्षांच्या पोरीने हे पाच आठवडे एकटीने पोटात ठेवलं. हलकं होणं गेलं कुठल्या कुठे.

पण सगळं तुझ्या माथी मारून मला मोकळं होता येणार नाही. तू लावलीस, खरं. पण तुला विचारणं माझं काम होतं. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस का? नसतंस कदाचित. तरी एका बटेवर लावून बघितलं असतं तर बटेनेच सांगितलं असतं. ती जखम आपली दोघींची आहे, आणि थोडी तिसरीचीही.

मी ताईला सांगणार नाही. पण तिने सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही. तूच सांग. तिच्या तोंडाकडे बघून जमत नसेल तर पाठ करून सांग. ती ओरडेल. ओरडून झालं की ती खुर्चीत बसते आणि चष्मा पुसते. तोवर थांबायचं, पळायचं नाही.

आता नवे केस. ते कोरडे असताना कंगवा कधीच लावायचा नाही. धुतल्यावर कंडिशनर लाव आणि ते असतानाच बोटांनी सोडव, टोकाकडून मुळाकडे, उलट नाही. मग ओंजळीत घेऊन मूठ मिटावी तसे वर दाब आणि सोड. वाळेपर्यंत हात लावू नकोस. ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे, मला चाळिशीतही जमत नाही. केस लहान आहेत, आत्ता नीट वळलेले दिसणार नाहीत. चिडू नकोस. लांबी आली की वजन येतं, वजन आलं की वळणं दिसतात.

हे आईलाही दाखव, तिनेच विचारलं होतं. वरचा भाग दुमडून ठेव.

माया आहे तेवढी पाठवली, पाकिटात मावली ती.
मावशी


१७ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

गुंडीने सांगितलं. रविवारी मी तिचं डोकं धूत होते, तुझ्या पत्राप्रमाणे, कोमट पाण्याने. ती पाटावर बसलेली, मान बादलीवर वाकवून. तोंड दिसत नव्हतं म्हणून बोलू शकली असावी. पहिल्यांदा मला ऐकू आलं नाही, पाण्याचा आवाज होता. मी म्हटलं परत सांग. तिने परत सांगितलं, क्रीमचं, चाळीस मिनिटांचं, जिन्याचं, सगळं. मी पाणी ओतत राहिले. बादली संपली तरी तांब्या हातातच होता.

मी ओरडले नाही. ओरडायला काही शिल्लक राहिलं नव्हतं. फोटोवाल्याला मी ते बोलले होते. हसलेही असेन. शब्द आठवत नाहीत, पण तिने सांगितले ते माझेच होते. तिने विचारलं, तुला माझी लाज वाटत होती का. दोनशे मुलींना मी रोज खरं बोला म्हणते. मी हो म्हणाले. म्हटलं, वाटत होती, आणि ती लाज माझी खोड आहे, तुझ्या केसांची नाही. तिने डोळे चोळले. मग म्हणाली, डोळ्यात साबण गेलाय.

तुला काय काय लिहिलं ते आठवतं आहे. परक्यांशी भांडता आलं असतं म्हणाले आणि तुझ्याशी परक्यापेक्षा वाईट वागले. तुझं खोकं चुकलं असेल असं लिहिलं. डॉक्टर स्पष्ट सांगत होते आणि मी घरात बघायचं सोडून तुझ्याकडे बोट दाखवत होते. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे कशी मागतात ते नीट माहीत नाही. ही मागितली असं समज.

तिने तुला लिहिलं होतं, तेही सांगितलं. तू मला कळवलं नाहीस. आधी राग आला. आता नाही.

जखम भरली. पण डॉक्टर म्हणाले त्या जागी केस येणार नाहीत. एवढीशी जागा आहे, बाकीचे वाढले की झाकली जाईल. त्यांनी हे गुंडीसमोरच सांगितलं. तिने बोटाने ती जागा चाचपली आणि विचारलं, कधीच नाही? तेव्हापासून वाचताना तिचं बोट तिथेच असतं. सोमवारपासून शाळेत जाते, रुमाल बांधून. गणवेशाच्या नियमात रुमाल बसत नव्हता, मी बसवला.

काल केस सोडवताना तिने विचारलं, मावशी लहान होती तेव्हा तिचे कोण विंचरायचं. मी म्हटलं, मी. तिने विचारलं, कशाने. मी म्हटलं, बारीक कंगव्याने, कोरडे असतानाच, शाळेची घंटा व्हायच्या आत. तू रडायला लागलीस की मी आणखी जोरात ओढायचे, लवकर संपावं म्हणून. मी सोळा वर्षांची होते, स्वयंपाक व्हायचा असायचा. हे सगळं मी तिला सांगितलं.

धाकटे, खूप दुखायचं का? इतक्या वर्षांत मी तुला कधी विचारलंच नाही. खरं ते लिही.

लोभ आहेच, तुझाही असू दे.
तुझी ताई


२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुखायचं. खूप.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघते, दुपारपर्यंत पोचेन. गुंडीचे कापलेले केस एकसारखे करायचे आहेत. न विचारता हात लावणार नाही.

तुझी,
धाकटी